ताऱ्याशेजारचा ठिपका

१८४८ हे साल आपल्याकडे सातारच्या गादीसाठी लक्षात राहिले. त्या वर्षी आप्पासाहेब महाराज वारले आणि त्यानंतर डलहौसीने सातारचे राज्य खालसा केले. याच सुमारास सातारच्या उत्तरेला सत्तर मैलांवर, पुण्यात, कंपनीच्या मुंबई इंजिनिअर्स पलटणीतला एक कॅप्टन रात्री जागून आकाशाकडे पाहत होता. त्याचे नाव विल्यम स्टीफन जेकब. १८४२ मध्ये त्याने पुण्यात स्वतःच्या खर्चाने वेधशाळा उभारली होती. पुढच्याच वर्षी सांगलीत विष्णुदास भावे यांनी 'सीता स्वयंवर' रंगभूमीवर आणले, म्हणजे काळ कोणता ते ध्यानात येईल. पाच फुटी डॉलंड दुर्बिणीतून जेकबने १८४५ ते १८४८ या काळात २४४ जोडताऱ्यांचे वेध घेतले.

जेकब त्रिकोणमितीय सर्वेक्षणात मुरलेला माणूस होता. हे सर्वेक्षण राज्यकर्त्यांच्या सोयीसाठी चालले होते, सारा आणि सैन्य या दोन्हींना नकाशे हवे होते, हे विसरायचे कारण नाही. पण डोंगरमाथ्यांमधले कोन काटेकोर मोजण्याची जी सवय त्या कामात लागली, तीच त्याने ताऱ्यांवर वापरली. १८४८ च्या अखेरीस तो मद्रास वेधशाळेचा प्रमुख झाला आणि तिथे त्याने '७० भुजंगधारी' या जोडताऱ्याचा हिशेब मांडला. हा तारा आपल्यापासून सुमारे १७ प्रकाशवर्षांवर, म्हणजे ताऱ्यांच्या जगात अगदी शेजारी. त्यातले दोन तारे एकमेकांभोवती सुमारे ८८ वर्षांत एक फेरी घालतात. जेकबने जुने-नवे वेध एकत्र करून पाहिले, तर गणिताने काढलेल्या जागेवर तारा सापडेना. तो कधी थोडा पुढे, कधी थोडा बाजूला. १८५५ मध्ये त्याने रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या मासिकात लिहिले की या जोडीत ग्रहासारखा एखादा न दिसणारा तिसरा पिंड असावा आणि तशी शक्यता दाट आहे.

दुसऱ्या ताऱ्याला ग्रह असल्याचा, मोजमापाच्या आधारावर केलेला हा जगातल्या अगदी पहिल्या दाव्यांपैकी एक, आणि तो भारतात बसून केलेला. दावा चुकीचा निघाला. पुढे चाळीस वर्षांनी अमेरिकेत टॉमस सी यांनी तोच दावा नव्या जोमाने केला, आणि १८९९ मध्ये फॉरेस्ट मोल्टन यांनी गणिताने दाखवून दिले की तशा कक्षेत तिसरा पिंड टिकूच शकत नाही. वेधांतल्या बारीक चुका ग्रहाच्या वेषात समोर आल्या होत्या. तरीही मी जेकबला या इतिहासात पहिले पान देतो. ग्रह दिसत नसला तरी तो आपल्या ताऱ्याला ओढतो, आणि त्या ओढीने तारा डुलतो; तारा मोजा, ग्रह कळेल, ही त्याची वाट बरोबर होती. त्या वाटेने जायला लागणारी हत्यारे मात्र त्याच्या काळात नव्हती.

जेकबचा शेवट चटका लावणारा आहे. प्रकृती खालावल्यामुळे १८५९ मध्ये त्याने मद्रासची जागा सोडली आणि तो इंग्लंडला परतला, पण सह्याद्रीने त्याला सोडले नाही. पुण्याच्या परिसरात पाच हजार फूट उंचीवर, धूर आणि दमट हवेच्या वर, वेधशाळा उभारण्याची त्याची योजना होती. सह्याद्रीत एवढी उंची फार थोड्या जागी मिळते; महाबळेश्वरसुद्धा साडेचार हजार फुटांच्या आसपास आहे. पार्लमेंटने १८६२ मध्ये त्यासाठी १००० पौंड मंजूर केले. नऊ इंची दुर्बीण त्याने स्वतः विकत घेतली. ८ ऑगस्ट १८६२ रोजी तो मुंबईत उतरला आणि १६ ऑगस्टला पुण्यात पोचताच वारला. पन्नाशीही गाठली नव्हती. डोंगरावरची वेधशाळा कागदावरच राहिली.

नंतरचे शंभर-सव्वाशे वर्षांचे प्रकरण थोडक्यात सांगता येते, कारण त्यात बहुतेक फसगतीच आहेत. सर्वांत गाजलेली बर्नार्डच्या ताऱ्याची. हाही भुजंगधारी तारकासमूहातलाच, अवघ्या सहा प्रकाशवर्षांवरचा. पीटर व्हान दे काम्प यांनी १९६३ मध्ये त्याच्याभोवती ग्रह असल्याचे जाहीर केले, दहा वर्षांत तो दावा कोसळला. वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या देखरेखीखाली मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ मध्ये सिद्ध झाला, तेव्हा सूर्यमालेबाहेरचा एकही ग्रह खात्रीने माहीत नव्हता. कृष्णाकाठी बसून जगाचे ज्ञान मराठीत आणणाऱ्या त्या मंडळींना ग्रह म्हणजे सूर्याचे ग्रह, एवढेच लिहिता येत होते.

आता त्याच कृष्णेच्या काठाने खाली यायचे. वाई, कऱ्हाड, सांगली, आणि सांगलीच्या पुढे पंचगंगा जिथे कृष्णेला मिळते तिथे नरसोबाची वाडी. वाडीच्या शेजारी कुरुंदवाड. जिल्हा आज कोल्हापूर, तालुका शिरोळ. पण सांगली, मिरज, कुरुंदवाड ही सारी पटवर्धनांची संस्थाने, एकाच घराण्यातून फुटलेल्या फांद्या. त्या कुरुंदवाडात ४ ऑक्टोबर १९५६ रोजी श्रीनिवास रामचंद्र कुलकर्णी यांचा जन्म झाला. बालपण आणि शाळा हुबळीला. मराठी-कानडी सीमेवरच्या अनेक घरांप्रमाणे याही घराच्या खुणा दोन्हीकडे आहेत. लेखिका सुधा मूर्ती या त्यांच्या भगिनी. दिल्लीच्या आयआयटीतून १९७८ मध्ये एम.एस्सी. करून ते बर्कलेला गेले.

१९८२ मध्ये डोनाल्ड बॅकर यांच्या नेतृत्वाखाली जे शोधपथक होते त्यात विद्यार्थी कुलकर्णी होते. पोर्तो रिकोतल्या आरेसिबोच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीने त्यांनी एक स्पंदक तारा पकडला: मेलेल्या ताऱ्याचा शहराएवढा गोळा, सेकंदाला ६४२ वेळा स्वतःभोवती फिरणारा. अशा जातीचा हा पहिलाच. या ताऱ्यांचे ठोके उत्तमोत्तम घड्याळांची बरोबरी करतात, म्हणून त्यांच्याभोवती कुणी फिरत असेल तर ठोके किंचित लवकर-उशिरा येतात आणि ते लगेच कळते. दहा वर्षांनी, १९९२ मध्ये, आलेक्सांदर वोल्श्चान आणि डेल फ्रेल यांना सूर्यमालेबाहेरचे पहिले पक्के ग्रह मिळाले, ते याच जातीच्या दुसऱ्या एका ताऱ्याभोवती. त्या ग्रहांवर वस्तीची आशा करण्यात अर्थ नव्हता. स्फोटातून उरलेल्या ताऱ्याचा घातक मारा त्यांच्यावर अखंड चालू असतो. पण सूर्यमालेबाहेरही ग्रह असतात, हे त्या दिवशी ठरले.

कुलकर्णी त्या वेळी कॅलिफोर्नियात कॅलटेकला प्राध्यापक होते आणि त्यांचे लक्ष दुसऱ्याच गोष्टीकडे गेले होते. शिव कुमार या भारतीय खगोलशास्त्रज्ञाने १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला गणित मांडले होते की तारा होण्याइतके वस्तुमान न जमलेले गोळे आकाशात असले पाहिजेत. ते ग्रहापेक्षा मोठे असतील, पण त्यांच्या पोटात हायड्रोजन पेटणार नाही, म्हणून जन्मापासून थंड होत जातील. १९७५ मध्ये जिल टार्टर यांनी त्यांना तपकिरी खुजे तारे असे नाव दिले. नाव झाले, बारसे झाले, बाळ काही दिसेना. वीस वर्षे 'सापडला, सापडला' म्हणून ओरड व्हायची आणि पुढे तो साधा अंधुक तारा निघायचा.

अडचण अशी की असा गोळा ताऱ्याच्या अगदी शेजारी असला तर ताऱ्याच्या झगमगाटात बुडून जातो. पेट्रोमॅक्सच्या काचेला चिकटून बसलेला काजवा मैलभरावरून ओळखायला सांगावे, तसा हा प्रकार. वर आपली हवा सतत थरथरते आणि ताऱ्याची प्रतिमा पसरवते. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात डेव्हिड गोलिमोव्स्की आणि सॅम्युएल डरन्स यांनी यावर एक यंत्र बनवले होते. त्यात हवेची थरथर ओळखून आरसा क्षणोक्षणी हलवून ती पुसून टाकायची सोय होती आणि मूळ ताऱ्याचा उजेड झाकणारी चकतीही होती. हे यंत्र पालोमार पर्वतावरच्या ६० इंची दुर्बिणीला जोडले गेले. तदाशी नाकाजिमा, संशोधक विद्यार्थी बेन ओपेनहायमर, कीथ मॅथ्यूज आणि कुलकर्णी असा संच जवळच्या ताऱ्यांची एकेक करून तपासणी करू लागला.

१९९४ च्या ऑक्टोबरमध्ये ग्लीझ २२९ नावाच्या ताऱ्याशेजारी एक फिकट ठिपका उमटला. तारा लालसर, सूर्याहून लहान, शश तारकासमूहात, १८.८ प्रकाशवर्षांवर.

या माणसांचे मोठेपण मला त्यांच्या थांबण्यात दिसते. ठिपका मिळाला म्हणून त्यांनी लगेच पत्रकार बोलावले नाहीत. शेजारी दिसतो म्हणजे सोबती असतो असे नाही. कित्येक प्रकाशवर्षे मागचा एखादा भलताच तारा त्याच दिशेत असू शकतो. ग्लीझ २२९ आकाशात दर वर्षी सुमारे पाऊण विकलेने सरकतो. ठिपका खरा सोबती असेल तर तोही तितकाच, त्याच दिशेला सरकला पाहिजे. हे पाहायचे तर वर्ष जाऊ द्यावे लागते. त्यांनी वर्ष जाऊ दिले. १९९५ मध्ये पुन्हा पाहिले, तर ठिपका ताऱ्याबरोबर सरकला होता.

मग २०० इंची हेल दुर्बिणीतून ठिपक्याच्या उजेडाचा वर्णपट घेतला आणि त्यात मिथेनच्या ठळक खुणा निघाल्या. तारा कितीही छोटा असो, त्याच्या उष्णतेत मिथेनचा रेणू टिकत नाही. गुरूच्या वातावरणात मिथेन आहे, शनीच्या आहे, ताऱ्याच्या नाही. ठिपक्याचे तापमान सातशे अंश सेल्सिअसच्या आसपास आणि तेज सूर्याच्या सुमारे दीड लाखाव्या भागाएवढे. वाद संपला. हा तारा नव्हता. ग्रहही नव्हता, कारण वस्तुमान गुरूच्या कित्येक पट. दोघांच्या मधला, इतकी वर्षे हुलकावणी देणारा गोळा अखेर नजरेत आला होता. त्याच वर्षी स्पॅनिश संशोधकांनी कृत्तिका पुंजात तैदे १ हा असाच गोळा जाहीर केला होता, त्यांचा मानही मोठा. पण पाहताक्षणी कुणालाही शंका घेता येऊ नये असा पुरावा मिथेनने दिला.

ऑक्टोबर १९९५ मध्ये इटलीत फ्लॉरेन्स येथे थंड ताऱ्यांवरची परिषद भरली आणि तिथे हा शोध सांगितला गेला. त्याच परिषदेत ६ ऑक्टोबरला मिशेल मायॉर आणि दिदिए केलो यांनी ५१ पेगासी या सूर्यासारख्या ताऱ्याभोवती सव्वाचार दिवसांत फिरणारा गुरूसारखा ग्रह जाहीर केला. एका छपराखाली, एका आठवड्यात, दोन दारे उघडली. जगाने ग्रहाच्या दाराकडे धाव घेतली. वर्तमानपत्रे, पुढे २०१९ चे नोबेल, सारे तिकडे गेले, आणि ते योग्यच होते. ठिपक्याच्या दाराची बातमी ३० नोव्हेंबरला 'नेचर'मध्ये छापून आली आणि तज्ज्ञांच्या वर्तुळाबाहेर लवकरच विसरली गेली.

ही विस्मृती मला मान्य नाही. मायॉर आणि केलो यांनी जेकबचीच वाट पक्की केली: तारा डुलतो, त्यावरून ग्रह आहे. त्याने ग्रहाचे किमान वस्तुमान कळते आणि वर्ष किती दिवसांचे तेही कळते. त्यापुढे ही वाट जात नाही. तिथे हवा आहे का, असली तर कसली, हे कळायला त्या ग्रहावरूनच आलेला उजेड हाती लागावा लागतो आणि त्याचा वर्णपट काढावा लागतो. दुसऱ्या ताऱ्याशेजारच्या अशा थंड, अंधुक सोबत्याचा उजेड ताऱ्यापासून वेगळा काढून त्याच्या हवेतला वायू ओळखण्याचे काम १९९५ मध्ये पालोमारला झाले. आज ज्याला त्याला 'वसतियोग्य' ग्रहावरचा प्राणवायू आणि मिथेन शोधायचा आहे. त्या शोधाचा पहिला धडा कुरुंदवाडात जन्मलेल्या माणसाच्या संचाने गिरवला.

पुढे त्याच ग्लीझ २२९ ताऱ्याने आणखी दोन धक्के दिले. ज्याच्या शेजारी तो ठिपका होता, त्या मूळ ताऱ्याचे डुलणे खगोलशास्त्रज्ञ वर्षानुवर्षे मोजत होते. २०१४ मध्ये एका ग्रहाची चाहूल लागली. २०२० मध्ये फाबो फेंग, पॉल बटलर आणि सहकाऱ्यांनी दुसरा ग्रह जाहीर केला, ग्लीझ २२९ ए सी. वर्ष १२२ दिवसांचे, वस्तुमान पृथ्वीच्या किमान सात पट, आणि कक्षा अशा पट्ट्यात जिथे तारा मंद असल्यामुळे ऊन समशीतोष्ण राहते. या ग्रहामुळे ताऱ्याच्या वेगात पडणारा फरक सेकंदाला एक-दोन मीटर, म्हणजे माणूस चालतो तेवढा, तो १८.८ प्रकाशवर्षांवरून मोजला गेला. ५१ पेगासीचा फरक पन्नास मीटरहून जास्त होता. पंचवीस वर्षांत हत्यारे किती बारीक झाली, ते यावरून समजावे.

दुसरा धक्का खुद्द ठिपक्याचा. पुढच्या मोजमापांत त्याचे वस्तुमान गुरूच्या सत्तर पटीच्या घरात निघाले आणि प्रश्न उभा राहिला की एवढा जड गोळा इतका अंधुक कसा? उत्तर २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये आले. चिलीतल्या मोठ्या दुर्बिणींचा उजेड एकत्र करून कॅलटेकचा विद्यार्थी जेरी शुआन आणि सहकाऱ्यांनी दाखवले की ठिपका एक नाही, दोन आहेत. एक गुरूच्या ३८ पट, दुसरा ३४ पट. दोघे एकमेकांभोवती १२ दिवसांत फिरतात. जवळपास तीस वर्षे पाठ्यपुस्तकांत एक म्हणून छापलेली वस्तू जोडी निघाली. त्याच वर्षी कुलकर्णी यांना शॉ पारितोषिक मिळाले. ते आकाशातल्या क्षणभंगुर स्फोटांवरच्या कामासाठी होते. ठिपक्याचा शोध त्यांच्या आयुष्यातले एक प्रकरण, एकमेव नव्हे.

पालोमारच्या त्या ६० इंची दुर्बिणीशी पुण्याचेही नाते जडले, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. कुलकर्णी कॅलटेकच्या प्रकाशीय वेधशाळांचे संचालक असताना पुण्याच्या आयुकाने, म्हणजे जयंत नारळीकरांनी उभारलेल्या संस्थेने, कॅलटेकबरोबर 'रोबो-एओ' हे यंत्र घडवले आणि ते याच दुर्बिणीवर बसले. लेझरच्या मदतीने हवेची थरथर पुसायची, तीही माणसाचा हात न लागता, एका रात्रीत शेकडो ताऱ्यांसाठी. केप्लर यानाने ज्या ताऱ्यांभोवती ग्रह असावेत असे सुचवले होते, त्यांतल्या ७१५ ताऱ्यांची पहिल्या फेरीत छाननी झाली. ताऱ्याशेजारी दुसरा तारा लपलेला असेल तर ग्रह आहे त्यापेक्षा लहान भासतो, आणि वायूचा गोळा खडकाळ पृथ्वी म्हणून खपून जातो. त्या ७१५ पैकी ५३ ताऱ्यांशेजारी असे सोबती आढळले. वसतियोग्य ग्रहांच्या यादीतला गाळ उपसण्याचे हे काम, आणि त्यात पुण्याचा हात आहे.

आयुकाची दोन मीटर व्यासाची दुर्बीण २००६ मध्ये जुन्नरजवळ गिरवलीच्या डोंगरावर उभी राहिली. उंची जेकबच्या पाच हजार फुटांपेक्षा कमी. पण पुण्याच्या परिसरात डोंगरावर मोठी दुर्बीण, हे १८६२ मध्ये अर्धवट राहिलेले काम १४४ वर्षांनी मराठी मुलखातल्या माणसांनी पुरे केले.

राहिला प्रश्न वस्तीचा. २०१६ मध्ये सव्वाचार प्रकाशवर्षांवरच्या प्रॉक्झिमाभोवती पृथ्वीएवढा ग्रह मिळाला, २०१७ मध्ये ४० प्रकाशवर्षांवरच्या ट्रॅपिस्ट-१ भोवती सात. भुजंगधारीतल्या बर्नार्डच्या ताऱ्यालाही अखेर खरे ग्रह मिळाले. २०२५ पर्यंत चार पक्के झाले, सारे पाण्याला फार तापलेले. अशा प्रत्येक वेळी आपल्या वर्तमानपत्रांत 'दुसरी पृथ्वी सापडली' असा मथळा येतो. तो खोटा असतो. 'वसतियोग्य' याचा आजचा अर्थ एवढाच की तिथे हवा असेल, ती योग्य दाबाची असेल, तर पाणी द्रवरूपात राहू शकेल. दोन्ही 'असेल' अजून जागच्या जागी आहेत. ग्लीझ २२९ ए सी खडकाळ आहे की वायूचा गोळा, हेही सांगता येत नाही, कारण वस्तुमानाचा किमान आकडाच हाती आहे. त्याचा उजेड वेगळा काढता आला तरच कळेल, आणि त्यासाठी आजच्याहून कितीतरी मोठी दुर्बीण लागेल.

सातारा, सांगली, कुरुंदवाड इथल्या शाळांना माझी एक विनंती आहे. कुलकर्णी यांच्या पारितोषिकांची यादी मुलांकडून पाठ करून घेऊ नका, त्यांना तो तारा दाखवा. ग्लीझ २२९ नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, त्याची प्रत आठवी आहे, पण गावाबाहेरच्या अंधारात चांगल्या द्विनेत्रीतून किंवा शाळेच्या लहान दुर्बिणीतून दिसतो. फेब्रुवारीच्या सुरुवातीला रात्री नऊच्या सुमारास दक्षिणेकडे तोंड करा, व्याधाचा तेजस्वी तारा पकडा आणि तिथून थोडे खाली, पश्चिमेच्या अंगाला या. नकाशा जवळ ठेवा, पहिल्या खेपेला सापडेलच असे नाही.